मदर पेटवेंची निळी टोपी

सूचना लिहिणं ही कला आहे आणि ती सगळ्यांना येत नाही, असं हॉरेस टॉलिव्हरचं ठाम मत होतं. टॅलबर्ट गावच्या पाणीपुरवठा खात्यात त्याने तीस वर्षं 'उद्या पाणी बंद राहील' हे एकच वाक्य इतक्या तऱ्हांनी लिहिलं होतं की लोकांना पाणी नसल्याचं दुःख कमी आणि सूचना संपत नसल्याचं जास्त होई. निवृत्त झाल्यावर मात्र पंचाईत झाली. घरात दोन माणसं, बायको व्हर्लीन आणि नव्वदी ओलांडलेली सासू मदर पेटवे. दोघीही सूचना घेणाऱ्यांतल्या नव्हेत, देणाऱ्यांतल्या.

रिकाम्या माणसाला घर खायला उठतं, म्हणून हॉरेस लायब्ररीत जाऊन बसू लागला. तिथे लायब्ररीचं मित्रमंडळ होतं. त्याच्या बैठकीत तो एकदा सरबत आणायला उठला आणि पेला घेऊन परत येईपर्यंत त्याला अध्यक्ष करून टाकलेलं होतं. विरोध करायला तोंड उघडलं तर हातात पेला होता, आणि भरलेला पेला हातात असताना माणसाला नकार देता येत नाही.

अध्यक्षाचं काम वर्षातून एकच. फेब्रुवारी म्हणजे आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना, आणि त्या महिन्यात लायब्ररीत कार्यक्रम झालाच पाहिजे. गेल्या वर्षी हॉरेसने 'आपल्या वस्तीत नळ कसे आले' यावर सचित्र व्याख्यान दिलं. विषय खरोखर मोठा होता. गोऱ्यांच्या घरात नळ आल्यावर आपल्याकडे ते यायला एक पिढी जावी लागली, ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. पण हॉरेसने सुरुवात नळाच्या आट्यांपासून केली. आटे संपेपर्यंत शेजारच्या घरातला, चर्चचा कारभारी डीकन क्लीओफस रकर घोरायला लागला होता, आणि पहिल्या रांगेतल्या बाई आयकराचे कागद न्यायला आल्या होत्या, त्या कागद मिळताच निघून गेल्या.

"या वर्षी डोळ्यांना काहीतरी दिसेल असं करू या, मिस्टर टॉलिव्हर," लायब्ररीच्या प्रमुख मिस डेव्हनपोर्ट म्हणाल्या. बाई तरुण होत्या आणि अजून आशा बाळगून होत्या.

डोळ्यांना दिसेल असं काय करावं, या विचारात हॉरेस रविवारी न्यू सायलोम चर्चमध्ये आपल्या नेहमीच्या बाकावर बसला. समोर सिस्टर अर्लीन मेब्री होती; त्या चर्चमधल्या बाया सगळ्या सिस्टरच. तिच्या टोपीमुळे गेल्या कित्येक वर्षांत हॉरेसने पाद्रीबाबांना पाहिलेलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी टोपी जांभळी होती. तिच्यावर पिसं होती, जाळी होती, आणि प्रवचनाच्या प्रत्येक मुद्द्याला ती मान डोलावत होती. आणि हॉरेसच्या डोक्यात एकदम उजेड पडला. आठवडाभर गोऱ्यांच्या घरी डोक्याला फडकं बांधून लाद्या पुसणाऱ्या आपल्या आया-आज्या रविवारी अशी टोपी घालून ताठ मानेने देवासमोर जात. यात इतिहास नाही तर कशात आहे? टोप्यांचं प्रदर्शन! नावसुद्धा त्याला तिथल्या तिथे सुचलं, 'मस्तकावरचा इतिहास'. त्याला इतका आनंद झाला की तो चुकीच्या ठिकाणी "आमेन" म्हणाला.

कल्पना सगळ्यांना आवडली. टोपी द्यायला मात्र कोणी तयार होईना.

ही गोष्ट हॉरेसला आधीच कळायला हवी होती. चर्चमधली बाई एक वेळ दागिना देईल, गाडी देईल, नवरा तर मागण्याआधी देईल, पण टोपी देत नाही. तिला दुसऱ्याचा हातही लागू देत नाही. सिस्टर मेब्रीने स्वच्छ सांगितलं, "टोपी येईल ब्रदर हॉरेस, पण मी तिच्याखाली असेन. काचेच्या कपाटात मला बसवायची सोय असेल तर कळवा." मग जरा विचार करून ती म्हणाली, "हां, मदर पेटवेंनी त्यांची निळी दिली, तर मात्र माझीही घेऊन जा." पुढच्या बाईनेही हेच सांगितलं, आणि तिच्या पुढच्या बाईनेही. मदर पेटवे चर्चच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. पहिल्या बाकावर त्यांची जागा, आणि त्यांनी पायंडा पाडल्याशिवाय न्यू सायलोममध्ये पानही हलत नसे.

थोडक्यात, सगळं घोडं हॉरेसच्याच घरात येऊन अडलं.

"मदर," त्याने जेवताना घसा साफ केला, "तुमची ती निळी टोपी..."

"नाही."

"मी अजून काही विचारलंच नाही."

"म्हणूनच आत्ता सांगून टाकलं. घे, भेंडी घे."

"लायब्ररीसाठी आहे, मदर. आपल्या लोकांच्या इतिहासाचं काम. आणि मी काही परका नाही, घरचाच माणूस आहे."

मदर पेटवेंनी काटा खाली ठेवला. "माझ्या टोपीला माझी मुलगीसुद्धा हात लावत नाही. आणि तू तर टॉलिव्हर आहेस."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. या अडतीस वर्षांत त्यांनी त्याला एकदाही नावाने हाक मारलेली नव्हती. टॉलिव्हर हे आडनाव त्या अशा उच्चारत, की भाडं थकवणारा कोणी दारात उभा आहे असं वाटावं. हॉरेसने भेंडी घेतली.

कुंपणापलीकडून डीकन रकरने सल्ला दिला. डीकनचा सल्ला मागावा लागत नसे, तो गवतासारखा आपोआप उगवे. "अरे, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं नसतं. विचारलं की ती नाही म्हणतात, आणि नाही म्हटलं की त्यांना ते पाळावं लागतं. तू कशाला त्यांना संकटात टाकतोस? गुरुवारी त्या केस करून घ्यायला जातात ना? टोपी उचल, शनिवारी कार्यक्रम झाला की परत ठेव. आणि कोणी विचारलंच, तर माझं नाव घेऊ नकोस."

शेवटचं वाक्य ऐकून तरी हॉरेसने सावध व्हायला हवं होतं. पण गुरुवारी व्हर्लीन आईला घेऊन पार्लरमध्ये गेली, आणि आमचा अध्यक्ष स्टुलावर चढला. कपाटाच्या वरच्या खणात गोल खोका, खोक्यात ती टोपी. आकाशी निळी, रुंद काठाची, बाजूला एकच पांढरं फूल. इतक्या वर्षांत त्याने ती एवढ्या जवळून कधी पाहिली नव्हती. आत मात्र वर्तमानपत्राच्या पिवळ्या पडलेल्या घड्या कोंबलेल्या होत्या. दुकानवाले टोपीचा आकार राहावा म्हणून असलं काही भरून देतात आणि लोक ते आयुष्यभर काढत नाहीत, हे पाहून हॉरेसला माणसाच्या आळसाचं वाईट वाटलं. त्याने ती रद्दी काढून रस्त्यावरच्या डब्यात टाकली आणि टोपी मऊ ब्रशने साफ केली. रद्दीची गाडी त्याच दुपारी येऊन गेली. आपण टोपी चोरत नसून तिची निगा राखतो आहोत, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

निळी टोपी लायब्ररीत पोचल्याची बातमी संध्याकाळपर्यंत, घरातल्या दोघी सोडून, गावभर झाली आणि टोप्यांचा पूर आला. खोक्यांवर खोके. कोणाची टोपी वरच्या फळीवर, कोणाची खालच्या, यावरून दोन बहिणींनी एकमेकींशी बोलणं सोडलं. सिस्टर मेब्रीची जांभळी कपाटात मावेना. तिची पिसं काढता येतील का, असं मिस डेव्हनपोर्टनी भाबडेपणाने विचारलं, आणि मग बराच वेळ त्या मागच्या खोलीत पाणी पीत बसल्या.

त्यात सरकारी कचेरीतून मिस्टर ग्रब्ज आले. काचेचं कपाट सरकारी, तेव्हा त्याचं कुलूप सरकारी, आणि त्याची किल्ली मिस्टर ग्रब्जच्या खिशात. माणूस सज्जन होता, पण नियमाबाहेर श्वासही घेत नसे. "एकदा बंद केलं की उघडायला लेखी अर्ज लागेल. कामकाजाचे तीन दिवस आधी," ते म्हणाले. "आणि पाटी हवी. 'हात लावू नये' एवढी पुरे."

एवढी पुरे? हॉरेसच्या आतला पाणीपुरवठा खात्याचा माणूस खडबडून जागा झाला. हात लावू नये म्हटलं तर लोक कोपर लावतात, हा त्याचा तीस वर्षांचा अनुभव होता. सूचनेत फट ठेवायची नसते. त्याने अख्खी दुपार खर्च केली आणि सुबक अक्षरांत पाटी छापून घेतली. 'कृपया टोप्यांना हात लावू नये. टोप्या डोक्यावर घालून पाहू नयेत.' दुसरी ओळ सर्वस्वी त्याची स्वतःची होती, आणि तिच्याकडे तो पुनःपुन्हा लांबून जाऊन पाहत होता.

शुक्रवारी रात्री जेवताना मदर पेटवे म्हणाल्या, "या रविवारी निळी घालीन म्हणते."

हॉरेसचा घास हातातच राहिला.

"निळी कशाला, आई?" व्हर्लीनने विचारलं. तिला टोपीचा पत्ताच नव्हता. "पांढरी घाल की."

"बाप्तिस्मा झाला तो रविवार आहे माझा. दर वर्षी निळीच घालते. सकाळी कपाटातून काढून ठेव, टॉलिव्हर. तुझा हात पोचतो."

सकाळी उजाडताच हॉरेस कुंपणाशी. त्याचं धाबं दणाणलं होतं. ही टोपी गेली तर नुसती टोपी जाणार नव्हती. अडतीस वर्षं त्या घरात भेंडी खाऊन जी काही थोडीफार पत साठली होती, ती एका फटक्यात जाणार होती, आणि म्हातारीच्या डोळ्याला डोळा देण्याची हिंमत उरणार नव्हती. डीकन रकरने शांतपणे विचार केला आणि एकामागून एक तीन उपाय सुचवले. तशीच दुसरी टोपी आण. ते जमलं नाही तर रविवारी स्वतः आजारी पड. तेही जमलं नाही तर पाद्रीबाबांना आजारी पाड, म्हणजे चर्चच नको. हॉरेसने मिस्टर ग्रब्जना फोन लावला. त्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि आज अर्ज दिला तर बुधवारी किल्ली मिळेल असं सांगितलं.

शनिवारी दुपारी लायब्ररी गच्च भरली. न भरून सांगते कोणाला? प्रत्येक बाई आपल्या टोपीवर लक्ष ठेवायला आली होती, आणि प्रत्येकीबरोबर तिचं सगळं खानदान. पारीत गोड रताळं भरून भाजलेले 'पाय' होते, लाल सरबत होतं, गावच्या वर्तमानपत्राची फोटो काढणारी मुलगी होती. मिस्टर ग्रब्जसुद्धा आले होते, कपाटावर नजर ठेवायला. नळांच्या व्याख्यानाला गर्दी का नव्हती ते हॉरेसला आता कळलं. नळ कोणाच्या घरून उसना आणलेला नव्हता. एरवी त्याने हा क्षण मिठाईसारखा चघळला असता. पण त्याचे डोळे दाराकडे होते. मदर पेटवेंचे गुडघे दुखतात, त्या येत नाहीत, त्या कुठेच येत नाहीत, असं तो मनाशी घोकत होता.

एवढ्यात सिस्टर मेब्री येऊन त्याच्याशी हात मिळवू लागली. "मी आत्ताच मदरना फोन केला. म्हटलं, एवढं मोठं मन तुमचंच! स्वतःची टोपी दिलीत!"

"काय म्हणाल्या?" हॉरेसने विचारलं.

"काहीच नाही. फोन ठेवला. भरून आलं असेल हो त्यांना."

दार उघडलं. व्हर्लीनच्या दंडाचा आधार घेत, काठी टेकत, मदर पेटवे आत आल्या. डोक्यावर काही नव्हतं. त्यांना उघड्या डोक्याने बाहेर आलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं. गर्दी बाजूला झाली. व्हर्लीनने नवऱ्याकडे एकच कटाक्ष टाकला, त्यात पुढच्या महिनाभराचं बोलणं होतं.

मदर पेटवे कपाटासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी टोपीकडे पाहिलं. मग पाटीकडे. चष्मा पुसून पुन्हा पाटीकडे.

"हे कोणी लिहिलं?"

सगळे हॉरेसकडे बघू लागले.

"मी, मदर."

"हात लावू नये," त्यांनी मोठ्याने वाचलं, "डोक्यावर घालून पाहू नये." मग त्या गर्दीकडे वळल्या. "मुख्य रस्त्यावर फॅनिंगचं दुकान होतं, आठवतं कोणाला? खिडकीत ही टोपी होती. मी वर्षभर लोकांचे कपडे इस्त्री करून पैसे जमवले. आत गेले, तर बाई म्हणाली, घ्यायची तर घे, घालून बघायची नाही. तुझ्या डोक्याला लागलेली टोपी मग गोऱ्या बाईला कशी विकू? पैसे चालत होते. डोकं चालत नव्हतं." त्यांनी काठीने पाटी दाखवली. "तेव्हा निदान तोंडी सांगायचे. आता छापून लावलंय. प्रगती आहे."

हॉरेसला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तीस वर्षांत लिहिलेल्या सगळ्या सूचनांपैकी हीच एक लोकांनी खरोखर वाचली होती. त्याने पुढे होऊन पाटी काढली, दोन तुकडे केले, चार केले, आणि मग ते कुठे टाकावेत हे न कळून कोटाच्या खिशात कोंबले. "माझं चुकलं, मदर," तो म्हणाला. "टोपी नेली तेही, आणि हेही."

मदर पेटवे मिस्टर ग्रब्जकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "उघड."

"मॅडम, त्यासाठी कामकाजाचे तीन दिवस आधी..."

"बाळा, मी एक्क्याण्णव वर्षांची आहे. तीन दिवसांची हमी मी देत नाही."

मिस्टर ग्रब्जनी गर्दीकडे पाहिलं. टोप्या कपाटात असल्या तरी टोप्यांच्या मालकिणी बाहेर होत्या. त्यांनी किल्ली काढली.

मदर पेटवेंनी आपली टोपी उचलली, काचेत प्रतिबिंब पाहिलं आणि नेहमीच्या रुबाबात डोक्यावर ठेवली. टोपी भुवयांवरून घसरली, डोळ्यांवरून घसरली आणि नाकावर येऊन थांबली. आता मदर पेटवेंची फक्त हनुवटी दिसत होती.

मग टोपीखालून आवाज आला.

"टॉलिव्हर. माझा पेपर कुठाय?"

"तो... तो पेपर? मला वाटलं, रद्दी आहे. गाडी घेऊन गेली, मदर."

टोपीचा काठ हलू लागला. व्हर्लीन घाबरून पुढे झाली, आईला काहीतरी होतंय असं वाटून. पण मदर पेटवे हसत होत्या. खांदे हलवून, काठी आपटून हसत होत्या. "घरी जाऊन आरशासमोर घातली," टोपीखालून त्या सांगू लागल्या, "तेव्हा अशीच नाकावर आली होती. रडले मी. परत घेत नव्हते ना ते. मग पेपर कोंबला आणि रविवारी घालून गेले. आत काय आहे ते कळू नये म्हणून आजवर कोणाला हात लावू दिला नाही. आणि तुम्ही सगळ्या म्हणत बसलात, मदरचा केवढा तो तोरा!"

आधी सिस्टर मेब्री हसली. मग ती तोंड लपवून म्हणाली, "माझ्या जांभळीत पायमोजा आहे." मागून कोणीतरी ओरडलं, "माझ्या टोपीत हातरुमाल!" एकीच्या टोपीत तर नवऱ्याचा टाय निघाला, तो नवरा सहा वर्षं शोधत होता.

"चला," मदर पेटवेंनी टोपी काढून हातात घेतली. "आज प्रत्येकीने घालून बघायची. दुसरीचीसुद्धा. पण ही कुणाच्या तरी डोक्याला बसते का ते आधी मला बघू दे."

टोपी व्हर्लीनला मोठी झाली. मिस डेव्हनपोर्टच्या गळ्यात गेली. सिस्टर मेब्रीच्या नाकावर थांबली. मदर पेटवेंची नजर फिरत फिरत हॉरेसवर आली आणि तिथेच राहिली. इथे सांगायला हवं की हॉरेसच्या डोक्याच्या मापाची टोपी टॅलबर्ट गावात कधी मिळाली नव्हती, आणि शाळेत पोरं त्याला भोपळा म्हणत. हा विषय त्याला मुळीच आवडत नसे.

"इकडे ये. वाक."

"मदर, मी पुरुष माणूस..."

"वाक म्हटलं ना."

तो वाकला. टोपी बसली. पुढे नाही, मागे नाही, कपाळावर एक बोट जागा सोडून, पांढरं फूल उजव्या कानावर, अशी बसली, जणू मापाने शिवली होती. मदर पेटवे दोन पावलं मागे सरकल्या.

"परमेश्वरा," त्या म्हणाल्या. "म्हणजे माप चुकलेलं नव्हतं. एवढी वर्षं मी उगाच त्या दुकानाला दोष दिला. डोकं यायचं बाकी होतं."

हसण्याचा जो पूर आला त्यात फोटोवाल्या मुलीने बटण दाबलं. हॉरेसला अब्रू गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं, आणि ते थोडं झालंही. पण सासू हसत होती, बायको हसत होती, आणि आजूबाजूला सगळ्या वयाच्या बाया एकमेकींच्या टोप्या घालून काचेत स्वतःला निरखत होत्या. मिस्टर ग्रब्जना कोणीतरी हिरवी घातली होती आणि ती काढायचा अर्ज कुठे द्यायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. हॉरेसचा जीव एकदाचा भांड्यात पडला. त्याने रताळ्याच्या 'पाय'चे तीन तुकडे खाल्ले.

रविवारी सकाळी वर्तमानपत्र आलं. पहिल्याच पानावर हॉरेस, डोक्यावर निळी टोपी, तोंड उघडं. त्याने पेपर उशीखाली लपवायचा प्रयत्न केला, पण मदर पेटवेंनी स्वयंपाकघरातून हात पुढे केला. फोटो त्यांनी दूर धरून, जवळ धरून पाहिला. मग पानाच्या नीट घड्या घातल्या, फोटो आतल्या बाजूला, आणि टोपीत ठोकून बसवल्या.

न्यू सायलोममध्ये हॉरेस आपल्या बाकावर बसला. समोर सिस्टर मेब्रीची जांभळी होती, त्यामुळे पाद्रीबाबा दिसत नव्हते. पण पिसांच्या फटीतून पहिल्या बाकावरची निळी टोपी दिसत होती, सरळ, ताठ. प्रार्थनेनंतर दारात बायांनी मदर पेटवेंना गराडा घातला.

"काय सुंदर बसलीय आज, मदर! इतकी छान कधीच बसली नव्हती."

मदर पेटवेंनी टोपीच्या काठाला बोट लावलं. हॉरेस मागेच त्यांची काठी धरून उभा होता, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

"बसणारच," त्या म्हणाल्या. "आत घरचा माणूस आहे."